‘पडला’ आणि ‘पाडला’

मराठी प्रवासलेखनात एक उपप्रकार आता इतका स्थिरावला आहे, की त्याची कृती पाककृतीसारखी सांगता येते. पाठीवर सॅक, सोबत एखाददुसरा मित्र किंवा कुणीच नाही, रात्रीची एस.टी., पहाटे उतरणे. गाव समुद्राकाठचे आणि लहान. टपरीवरचा चहा, कौलारू घरे, एक नाव नसलेला म्हातारा. मग गावाबाहेरचा भग्नावशेष: पोर्तुगीजांचा किल्ला, डचांची वखार, छत उडालेले चर्च. भिंतीतून उगवलेला पिंपळ. सूर्यास्त. आणि शेवटच्या परिच्छेदात, जवळजवळ नियमाने, ‘काळाच्या ओघात’ हे दोन शब्द. दिवाळी अंकांत हे लेख येतात, संकेतस्थळांवर येतात आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही येतात. शिरोळसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसून मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला दरवर्षी असे दहा-बारा तरी निबंध तपासावे लागतात.

या लेखनाची तीन लाडकी विशेषणे आहेत: शांत, ओसाड आणि विस्मृतीत गेलेले. माझे म्हणणे असे, की ही विशेषणे वर्णन करत नाहीत; ती विधाने करतात, आणि ती विधाने बहुतेक वेळा खोटी असतात. वर्णनाच्या वेषात आलेल्या विधानाला कुणी पुरावा मागत नाही, म्हणून ती खपतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तरी तो पुरावा मागायला हवा.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी असाच एक लेख लिहिला होता. कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याला गेलो होतो. डच वखारीच्या पडक्या भिंतींपाशी एक दुपार काढली आणि परत येऊन एका लहानशा नियतकालिकासाठी आठ पाने लिहिली. लेख बरा झाला आहे असे मला वाटत होते. २०१९ च्या महापुरानंतर वर्ग पुन्हा सुरू झाले, तेव्हा प्रवासवर्णन हा घटक शिकवताना मी तो नमुना म्हणून वाचून दाखवला. मागच्या बाकावरची एक मुलगी, कृष्णाकाठच्या गावातली, शांतपणे म्हणाली, “सर, आमचंबी गाव तवा शांतच होतं की.”

तिला काय म्हणायचे होते ते वर्गातल्या प्रत्येकाला कळले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चारही नद्यांच्या पाण्याने शिरोळ तालुक्याची गावेच्या गावे वेढली होती. माणसे आणि जनावरे हलवावी लागली. नृसिंहवाडीचे देऊळ पाण्याखाली, कुरुंदवाडचे रस्ते पाण्याखाली. २००५ ला हेच झाले होते, २०२१ ला पुन्हा तेच झाले. पाणी उतरल्यावर गावात शिरणाऱ्याला जी शांतता भेटते, ती आम्ही ऐकलेली आहे. त्या आठवड्यात एखादा सॅकवाला आमच्या घाटावर येऊन उभा राहिला असता, तर त्याने ‘निवांत’ हा शब्द नक्की वापरला असता. घाट निवांतच होता. फक्त गावातली माणसे छावणीत होती.

त्या रात्री मी माझा लेख पुन्हा वाचला. ‘काळाच्या ओघात’ तीन वेळा आले होते. ‘वखार पडली’, ‘बंदर मागे पडले’, ‘गाव ओस पडले’ असे सगळे पडतच होते. पाडणारा कुणीच नव्हता.

इथे एक साधी व्याकरणाची गोष्ट आठवावी. मराठीत ‘मरणे’ आणि ‘मारणे’, ‘सरणे’ आणि ‘सारणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत अंतर एका कान्याचे आहे. पहिले क्रियापद अकर्मक. त्यात जी वस्तू बदलते तीच कर्ता होऊन बसते. दुसऱ्यात मात्र ते बदल घडवणारा कोणीतरी लागतो. भग्नावशेषांचे आपले सगळे गद्य पहिल्या प्रकारच्या क्रियापदांत लिहिलेले आहे. आणि जिथे अगदीच कुणीतरी कर्ता हवा असतो, तिथे आपण ‘काळ’ नावाच्या निरुपद्रवी गृहस्थाला बोलावतो. तो कुणाचा नातेवाईक नाही, कुणाच्या नोकरीत नाही. त्याच्यावर कितीही आळ घेतला तरी कुणी तक्रार करत नाही.

वेंगुर्ल्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे मी स्वतः चुकलो. ती वखार डच ईस्ट इंडिया कंपनीची, सतराव्या शतकातली. डचांना वेंगुर्ले हवे होते ते सौंदर्यासाठी नव्हे. पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करायची, तर जवळ पाणी, धान्य आणि माहिती पुरवणारे ठाणे लागते, म्हणून. १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतले, गोव्याची नाकेबंदी संपली आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व घटत गेले. यात ‘काळ’ कुठे आहे? हा एका व्यापारी कंपनीचा हिशेब आहे. आणि मी ज्या भिंतींना ‘मूक’ म्हटले होते, त्या किती बोलल्या आहेत! वेंगुर्ल्याच्या वखारीतून गेलेली डच पत्रे शिवकालाच्या अभ्यासाची महत्त्वाची साधने आहेत. ती आज नेदरलँड्समध्ये, द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, कंपनीच्या दप्तरात जपलेली आहेत. वास्तू मूक नव्हती. मी तिचे काही वाचले नव्हते. स्वतःच्या अज्ञानाला वास्तूचे मौन म्हणणे ही या लेखनप्रकारातली सर्वांत सोयीची युक्ती आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या अमलाखाली वेंगुर्ले हे बेळगाव भागाचे बंदर होते. ज्या आंबोलीच्या घाटाने मी ‘स्वप्नवत’ उतरलो, तो रस्ता देशावरचा माल या बंदराशी जोडण्यासाठी बांधला गेला. मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने देशाशी जोडले गेले, आणि जो माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याला उतरत होता तो तिकडे वळला. बंदर आपोआप मागे पडले नाही. व्यापार दुसरीकडे नेला गेला. नंतरच्या काळात किनाऱ्याने चालणारी आगबोटींची वाहतूकही बंद झाली. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे आली खरी, पण ती जुन्या बंदरांना बाजूला ठेवून आतून गेली. वेंगुर्ल्याच्या बंदरावर आज जी शांतता आहे तिला अशी पूर्वपीठिका आहे. त्या शांततेत गावातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या आहेत. ज्या गिरण्यांनी त्यांतल्या अनेकांना ओढून नेले, त्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर कशा मिटत गेल्या हेही त्याच शांततेत आहे. ती ऐकू येण्यासाठी कान लागत नाहीत, थोडे वाचन लागते.

आणि हे ‘विस्मृतीत गेलेले’ गाव आहे तरी कोणाच्या विस्मृतीत? मराठीच्या विद्यार्थ्यांच्या विस्मृतीत ते असेल, तर लाज आपल्याला वाटायला हवी. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शाळेत शिकवत होते. ‘उल्का’ (१९३४) त्यांच्या शिरोड्याच्या वर्षांतली. तिथून ते कोल्हापूरला आले. म्हणजे मी ज्या वाटेने सॅक घेऊन उतरलो, तीच वाट उलट दिशेने चढून. त्याच शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले. जयवंत दळवींचे आरवली याच तालुक्यातले. तिथल्या माणसांवर त्यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’ लिहिले, आणि त्यातला एकही म्हातारा बिननावाचा नाही. दळवींच्या कोकणात माणसे भांडतात, फसवतात, कोर्टकज्जे करतात, हसतात, मरतात. ‘निवांत’ बसलेले कोणी दिसत नाही. हे सगळे अभ्यासक्रमात शिकवणारा मी, त्याच गावांत जाऊन ‘इथे काहीच घडत नाही’ अशा अर्थाचे आठ पाने लिहून आलो होतो.

आता ‘ओसाड’ या शब्दाकडे येऊ. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट पाहा. अलिबागकडून येणारा रस्ता कोटाच्या आतून जातो. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरे आहेत, विहिरी आहेत, शिंपणे आहे. पडक्या चर्चच्या शेजारी कुणाची तरी सुपारी वाळत असते. छायाचित्र काढताना ती सुपारी चौकटीबाहेर ठेवली की कोट ओसाड होतो. खाडीपलीकडे कोर्लई. डोंगरावरचा किल्ला ‘पोर्तुगीज सोडून गेले’ म्हणून प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज सत्ता १७४० साली गेली हे खरे. पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आजही सुमारे हजार माणसे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली घरात बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. जोसेफ क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने त्या बोलीवर ‘द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज’ हा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. पावणेतीनशे वर्षे मराठीच्या समुद्रात टिकलेली एक भाषा पायथ्याशी बोलली जात आहे, आणि आमचा सॅकवाला तिच्या शेजारून डोंगर चढून वर जातो व ‘इथे आता फक्त वारा बोलतो’ असे लिहितो. वारा काय बोलतो ते त्याला कळले. खालच्या अंगणात काय बोलले जात होते ते ऐकायला तो थांबला नाही.

वसईत तर या शब्दाचा परिणाम अधिक गंभीर होतो. वसईबद्दल मराठीत दोन प्रकारे लिहिले जाते. एक, विजयाचा: १७३९, चिमाजी अप्पा, तटावर चढलेले मराठे. दुसरा, आपल्या भटक्याचा: छप्पर नसलेली चर्चे, वेली, विषाद. पहिल्यात निदान कर्ता आहे. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. पोर्तुगीज गेले तिथे कथा संपते. जे गेले नाहीत, कारण त्यांना जायला दुसरा देशच नव्हता, ते दोन्हींत नाहीत. किल्ल्याला लागून किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळ्यांची गावे आहेत. तिथे जाळी विणली जातात, मासळी वाळवली जाते. किल्ल्याच्या आतल्या गोन्सालो गार्सियाच्या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते. वसईतले सामवेदी ख्रिस्ती कादोडी बोलतात. त्याच वसईतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांनी ‘सुवार्ता’ चालवले, बायबलचा मराठी अनुवाद केला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ साली ते गेले. त्यांची निवड झाली तेव्हा धर्माच्या कारणावरून तिला विरोध झाला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

या विरोधाचा आणि एखाद्या निरागस प्रवासलेखाचा काय संबंध, असे कोणी विचारील. थेट संबंध नाहीच. पण ‘सोडून दिलेले अवशेष’ असे शंभर वेळा छापले गेले, की वाचकाच्या मनात एक गणित तयार होते: ते आले, ते गेले, दगड उरले. या गणितात राहिलेल्या माणसांना जागा नाही. मग त्यांतला एखादा मराठीच्या व्यासपीठावर उभा राहिला, की ‘हा कुठला?’ असा प्रश्न सुचतो. वास्तविक तो चारशे-साडेचारशे वर्षे इथलाच. आपल्या गद्याने त्याला सारवून टाकलेले असते.

या मतावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते टाळण्याची माझी इच्छा नाही. पहिला आक्षेप असा: प्रवासलेख म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, लेखकाच्या मनाची अवस्था हे त्यातले खरे द्रव्य. मान्य. ‘मला इथे एकटे वाटले’ हे वाक्य कुणालाही लिहिता येते आणि ते खरे असते. पण ‘इथे कोणी नाही’ हे वाक्य लेखकाच्या मनाबद्दलचे नाही, ते दुसऱ्यांबद्दलचे आहे. भावकवितेची सूट घेऊन जनगणना करता येत नाही. युरोपात अठराव्या शतकात श्रीमंत जमीनदार आपल्या बागांमध्ये मुद्दाम खोटे भग्नावशेष बांधून घेत, विषादाचा आनंद लुटण्यासाठी. ती हौस निदान स्वतःच्या जमिनीवर आणि स्वतःच्या पैशाने होती. आपण ती दुसऱ्यांच्या वाडीत जाऊन भागवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे पायी भटकणारे लोक मोटारींच्या झुंडींपेक्षा बरे, ते हळू चालतात, घाण करत नाहीत, आणि त्यांच्या लेखांमुळेच दुर्लक्षित वास्तूंबद्दल आस्था निर्माण होते. यातही तथ्य आहे. वेंगुर्ल्याची वखार अशा लेखांमुळे काही जणांना तरी माहीत झाली असेल. परंतु ‘इथे कोणी नाही’ असे गृहीत धरून सुरू झालेली आस्था पुढे ‘कोणी नाही’ असे गृहीत धरूनच योजना आखते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलासाठी संपादित झालेल्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षे चालला. तिथे माड लावलेली, शेती केलेली, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे होती. जाहिरातीतला ‘निवांत, अस्पर्शित किनारा’ आणि आपल्या ललित लेखातला ‘निवांत, अस्पर्शित किनारा’ यांतला शब्द एकच आहे. जाहिरातवाल्याने तो कुठून उचलला, हे मी सांगायला नको.

तिसरा आक्षेप खुद्द माझ्या मनात येतो: मग काय लिहायचेच नाही? जायचेच नाही? तसे नाही. मराठीत याचे उत्तम उत्तर आधीच लिहून ठेवलेले आहे, आणि तेही याच किनारपट्टीच्या माणसाने. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन आगीत सापडले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतल्या पहिल्या थोर प्रवासवर्णनांत त्याची गणना होते. गोडसे भटजींच्या पाठीवर सॅक नव्हती. परतताना आईवडिलांसाठी खांद्यावर गंगेची कावड होती. त्यांनीही उद्ध्वस्त शहर पाहिले, झाशी. पण त्यांच्या झाशीला काळ पाडत नाही. गोरे शिपाई शिरतात, कत्तल होते, लूट होते; आज काय लुटले, उद्या काय लुटले याचा हिशेब आहे, ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दलची हळहळ आहे. त्यांना भीती वाटली ती त्यांनी लिहिली, भूक लागली तीही लिहिली. म्हणजे मनाची अवस्थाही आली आणि पाडणाराही आला. या दोन गोष्टी एका गद्यात नांदत नाहीत असे जे सांगितले जाते, ते गोडसे न वाचल्याचे लक्षण आहे.

मागणी मोठी नाही. लेखात जिथे ‘ओसाड’ येईल तिथे कोण गेले, केव्हा गेले आणि कुठे गेले, यांपैकी निदान एकाचे उत्तर यावे. जिथे ‘शांत’ येईल तिथे पूर्वी कसला आवाज होता हे विचारलेले असावे. ‘विस्मृतीत गेलेले’ लिहिण्याआधी गावातल्या एखाद्याला ते खरोखर विसरला आहे का, एवढे तरी विचारावे. आणि ‘काळाच्या ओघात’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर त्यावर रेघ मारून तिथे एखादे नाव बसते का ते पाहावे: कंपनीचे, सरकारचे, रेल्वेचे, साथीचे, सावकाराचे. कधी कधी खरोखरच नाव मिळत नाही; खारा वारा आणि पाऊस हेही भिंती पाडतात. पण ते शोधून झाल्यावर लिहिणे वेगळे, आणि शोध टाळण्यासाठी लिहिणे वेगळे.

हे मी कोकणाबद्दल लिहितो आहे, पण मला काळजी घराची आहे. आमच्याकडेही आता सॅक येऊ लागल्या आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप अनेकांनी कॅमेऱ्यात नेला आहे. कुरुंदवाडचा घाटही जाईल. पूर दर काही वर्षांनी येतो आहे. नदीकाठच्या काही कुटुंबांनी उंचावर जागा शोधल्या आहेत, काही शोधत आहेत. उद्या एखादे गाव खरोखर रिकामे झाले, तर पन्नास वर्षांनी कुणी तरुण तिथे येईल, भिंतीवरची पुराची रेघ पाहील आणि वहीत लिहील: काळाच्या ओघात हे गाव ओस पडले. त्या वेळी धरणांच्या विसर्गाबद्दल, पूररेषेतल्या बांधकामांबद्दल, नदीपात्रातल्या भरावांबद्दल, पुनर्वसनाच्या फायलींबद्दल त्याच्या लेखात एक ओळही नसेल. त्याने ती लिहावी असे वाटत असेल, तर त्याच्या शिक्षकांच्या शिक्षकांनी, म्हणजे आपण, आजच वर्गात लाल शाई वापरायला सुरुवात केली पाहिजे.

मी ती केली आहे. सुरुवात स्वतःच्या आठ पानांपासून केली. त्या मुलीने पुढच्या सत्रात आपल्या गावावर निबंध लिहिला. त्यात पाणी किती वाजता दारात आले, म्हैस कुणी सोडली, होडी कुणाची होती आणि छावणीत भात कुणी वाढला हे सगळे होते. ‘शांत’ हा शब्द एकदाच आला होता: परतल्यावर गोठ्यात गेले, तेव्हा गोठा शांत होता. मी त्या शब्दाखाली रेघ मारली नाही.